उन्हात फिरायला जाणारी माणसं

आई गेली, तरी तिचं प्रतिरूप अजून संध्याकाळच्या बसने तळ्यावर फिरायला जात होतं.

हे मला फिरोज अत्तारनं दाखवलं. एके काळी तो माझ्या भूगोलाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आता शहराच्या प्रवास कक्षात अभियंता आहे. आईची नोंद बंद करायला मी त्याच्याकडे गेले होते. पडद्यावर एक हिरवा ठिपका विणकर पेठेतून निघून तळ्याच्या थांब्याकडे सरकत होता. फिरोजनं तो बोटानं दाखवला, आणि आपण काय दाखवतोय हे लक्षात येताच पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"सॉरी मॅडम. लगेच काढतो."

"थांब. आधी सांग, ती तळ्यावर कशाला जाते आहे?"

"फिरायला."

"माझी आई जन्मात कधी तळ्यावर फिरायला गेली नाही, फिरोज."

 मग पडदा पुन्हा माझ्याकडे वळवून त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. बरंचसं मला ठाऊक होतं. शहराच्या बसगाड्या चालवणारं 'दिनक्रम' आलं तेव्हा त्याचं तत्त्व मीच वर्गात शिकवलं होतं, आणि मनापासून शिकवलं होतं.

तत्त्व साधं आहे. माणूस प्रवासासाठी प्रवास करत नाही. कुणाला पोराला शाळेत पोचवायचं असतं, कुणाला पाळीवर हजर व्हायचं असतं, कुणाला येताना भाजी घ्यायची असते. माणसाचा दिवस म्हणजे कामांची माळ, आणि प्रवास म्हणजे दोन मण्यांमधला दोरा. म्हणून रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसण्यापेक्षा माणसांचा दिवस समजून घ्यावा, गर्दी कुठे आणि कधी होणार ते आपोआप कळतं. दिनक्रमनं शहरातल्या प्रत्येक माणसाचं एक प्रतिरूप संगणकात तयार केलं होतं. वय तेच, घरातली माणसं तीच, सवयी त्याच. ही सगळी प्रतिरूपं उद्याचा दिवस आजच जगून बघतात. बसमध्ये जागा मिळाली नाही तर वेळ बदलतात, पुन्हा जगून बघतात, आणि हजारो वेळा असं करून त्यांचं शहर सुरळीत झालं की त्याबरहुकूम खऱ्या बसगाड्या सोडल्या जातात. ठरलेले मार्ग नाहीत, पाट्या नाहीत. फोनवर बस मागायची, ती कोपऱ्यावर येते.

आणि ती यायची. हे मान्य केलंच पाहिजे. पूर्वी आमच्याकडे बसचे मार्ग नगरसेवक ठरवत आणि मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा बस वळवत. ते बंद व्हावं म्हणून कायदाच झाला, की दिनक्रमच्या वेळापत्रकात कुठल्याही माणसानं हात घालायचा नाही. बस इतकी वेळेवर येऊ लागली की पेठेतल्या लोकांनी दुचाक्या विकल्या. आम्हीही विकली. रिक्षावाले दुसऱ्या धंद्याला लागले.

दिनक्रमला एकच गोष्ट माणसांना विचारावी लागे. कोण कुठल्या थांब्यावर चढलं आणि उतरलं, हे बसला समजतं. थांब्यावर उतरल्यावर माणूस कुठे गेला, याचा माग काढायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून बस मागितली की फोन विचारतो, 'कुठे निघालात?' आणि खाली सहा चौकोन येतात: काम, शिक्षण, दवाखाना, खरेदी, देवदर्शन, सहज.

"निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, हे त्या मेल्याला कुणी शिकवलं नाही का?" असं म्हणून आई 'सहज' दाबायची.

आमच्या पेठेत सगळेच तसं करत. निघताना कुणी 'कुठे' विचारलं तर माणूस परत खाली बसतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. भाजी आणायला जाताना याचं कुणाला काही वाटत नाही. पण मुलगी बघायला, कोर्टात, परीक्षेला किंवा दवाखान्यात निघालेलं माणूस उंबऱ्यात त्या कामाचं नाव घेत नाही. घेतलं तर काम फिसकटतं. त्यामुळे आमच्या पेठेनं यंत्राला कोथिंबीर आणि रेशन अगदी खरं खरं सांगितलं, आणि जिवावरची कामं तेवढी लपवली.

आई सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला जायची. ते केंद्र तळ्याच्या मागे आहे. थांब्याचं नाव 'तळे'. नव्या वसाहतीतले लोक 'दवाखाना' दाबत, त्यांच्या बसगाड्या सकाळी बिनचूक येत. विणकर पेठेतून मात्र काही म्हातारी माणसं सकाळच्या वेळी तळ्यावर 'सहज' जातात, एवढंच दिनक्रमला दिसत होतं. सहज जाणं म्हणजे हौस. हौसेची वेळ हलवता येते. ऊन वाढू लागलं तसा त्यानं विचार केला, की फिरायला जाणाऱ्यांना संध्याकाळचा वारा बरा. होळीनंतर तळ्याची सकाळची बस बंद झाली आणि संध्याकाळी सुरू झाली. त्याच्या परीनं त्यानं आईची काळजीच घेतली होती.

आई मग जुन्या गिरणीच्या थांब्यावर उतरून उरलेला रस्ता उन्हातून चालत जाऊ लागली. कॉलेजातले माझे तास सकाळी असत. सुट्टी मिळेल तेव्हा मी बरोबर जायचे. ती उशिरा पोचायची. तिच्या मागच्या पेशंटची वेळ ठरलेली, त्यामुळे तिला मशीनवरून लवकर उतरवायचे. रक्त जेवढं शुद्ध व्हायला हवं तेवढं होत नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला, केंद्रावर पोचल्यावर, खुर्चीत बसता बसता ती गेली.

बसमुळे गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. आजार होताच.

"मॅडम, हे तर सोपं आहे," फिरोज म्हणाला. "पेठेतल्या लोकांना सांगा, दवाखान्याला जाताना दवाखाना दाबा. दोन आठवड्यांत सकाळची बस परत येईल."

मलाही ते सोपं वाटलं.

*

नीलाक्का आईची डायलिसिसची सोबतीण. शेजारशेजारच्या खुर्च्या. घरही आमच्या समोरच. मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होती. डाव्या हातावरची सुईची जागा जपायची असल्यामुळे सगळं एका हातानं चाललं होतं.

"आलीस? बस. जेवलीस का काय चहावरच काढतीयस दिवस?"

"जेवले. नीलाक्का, एक ऐकाल का? तळ्याला बस मागताना दवाखाना दाबत जा."

"तुझ्या आईनं दाबला की."

"कधी?"

"शेवटच्या दिवशी. मी बाजूलाच होते. म्हणाली, नीलव्वा, ह्या मेल्याला नाव घेतल्याशिवाय कळायचं नाही. दाबते मी. बघू काय करतंय. आणि दाबला." नीलाक्कानं बत्ता खलात ठेवला. "केलं की मग त्यानं काय करायचं ते."

आईनं हे मला सांगितलं नव्हतं. तिचा स्वभाव बघता सांगितलं नसतंच. भांडण अंगावर घ्यायचं असलं की ती घरी बोलत नसे.

"त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही, नीलाक्का."

"नसंल. तू शिकलेली आहेस. पण पेठेत आता कोण दाबंल सांग. मी तर नाही दाबणार. तुझ्या आईच्या जाग्यावर कुणी नवीन पोरगी बसतीया, तिच्या सासूनं तिला बजावून ठेवलंय."

मी तिला समजावू शकले असते. शंभर पेशंटचे आकडे आणले असते. पण तिच्याजवळ एकच उदाहरण होतं, आणि ते माझ्या घरचं होतं.

"मग काम दाबा."

"कसलं काम? ह्या वयात मला कोण कामाला ठेवतंय? खोटं कशाला बोलू?"

"आणि सहज खोटं नाही?"

"छे. सहज म्हणजे तुला काय करायचंय."

हसू आवरलं नाही मला. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले. नीलाक्कानं चटणीची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लीला, सिस्टर परवा बोलली. असंच उशिरा येत राहिले तर जूनपासून माझी खुर्ची दुसऱ्याला देणार. यादीत माणसं थांबलीत म्हणे. तिचं पण खरं आहे."

"दुसरीकडे कुठे सोय?"

"नाही." तिनं बत्ता उचलला. "मीठ बरोबर आहे का बघ."

*

मी फिरोजकडे परत गेले. यावेळी एक तोड घेऊन गेले होते. आमच्याकडे निघताना कुणी सांगत नाही. पण परतल्यावर न विचारता सांगतात. सुई कशी टोचली, सिस्टर काय म्हणाली, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या सुनेचं काय चाललंय, सगळं. मग प्रश्न निघताना विचारण्याऐवजी परत आल्यावर विचारा. 'कुठून आलात?' असं विचारा.

फिरोजला ते फार आवडलं. त्यानं माझ्यासमोरच वर कळवलं. उत्तर यायला आठवडा लागला: प्रश्न सगळ्या राज्यात एकच आहे, एका शहरासाठी बदलला तर शहरांची तुलना करता येणार नाही, पुढच्या जनगणनेनंतर विचार करू.

"तोवर तू हातानं एक बस सोड."

"तसं केलं तर माझी नोकरी जाईल, मॅडम. आणि नियम चुकीचा नाहीये. नगरसेवक पुन्हा आत येतील."

नियम चुकीचा नव्हता. सिस्टर चुकीची नव्हती. दिनक्रमचं गणितही चुकीचं नव्हतं. सगळे बरोबर होते आणि नीलाक्काची खुर्ची जाणार होती. रीत बदलायची ती आमच्या पेठेनंच, असं सगळे समजुतीनं सांगत होते. मला त्या रीतीचं प्रेम नाही. पण आजारी माणसाला भीतीचं नाव उंबऱ्यात घ्यायला लावून मगच बस देणारं शहर मला पटेना. आईनं ते नाव घेतलं होतं. एका घरातून तेवढं पुरे.

"फिरोज, सहज जाणं हलवता येतं, हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बस हलवली की लोक हलतात, हे त्यानं पाहिलंय. तुमच्या पेठेतलेही काही जण संध्याकाळच्या बसनं खरंच फिरायला जातात. सकाळी बस मागणारे मोजके आहेत. त्यांना नकार मिळाला की ते गिरणीवर उतरून चालत जातात. ते त्याला दिसतं, पण इतक्या थोड्या माणसांसाठी ते निर्णय बदलत नाही."

"म्हणजे ते बोलण्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवतं."

"हो."

"मग पन्नास माणसं रोज सकाळी तळ्याची बस मागू लागली, ती मिळत नाही म्हणून गिरणीवरून चालत गेली, आणि संध्याकाळच्या बसमध्ये कुणीही चढलं नाही, तर?"

त्यानं खुर्ची मागे सरकवली. "खोट्या मागणीला खातं बंद होतं, मॅडम."

"खोटी नाही. खरोखर जाऊ."

"एप्रिलच्या उन्हात? कशाला?"

"फिरायला."

फिरोजनं समोरचा पडदा बंद केला. मग म्हणाला, "मी चहा आणायला गेलो होतो. मला काही ऐकू आलेलं नाही."

*

लोकांना मी सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं. नीलाक्कानं सांगितलं. नळावर, किराणा दुकानात, मठातल्या सोमवारच्या भजनात. "लीलाच्या आईसाठी चला" असं ती म्हणाली नाही. "ऊन खायला चला, घरात बसून पांढरे पडलाय" एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी सातआठ जणी आलो. दुसऱ्या आठवड्यात गिरणीच्या थांब्यावर उतरणाऱ्यांची रांग वळणापर्यंत दिसायला लागली. ओले पंचे, छत्र्या, ताकाच्या बाटल्या. फळवाल्या जंगमांनी आपली हातगाडी दिली, ती सकाळीच गिरणीच्या थांब्यावर आणून ठेवत. तिच्यावर गोणपाट आणि उशी टाकून नीलाक्काला बसवलं. वर छत्री धरलेली. मागून ढकलणाऱ्या बायका तिची थट्टा करत.

"नीलाक्का, कलिंगड काय भावानं?"

"कापून दाखवू का?"

त्या रस्त्याला सावली नाही. डाव्या हाताला गिरणीची लांबलचक भिंत, उजवीकडे मोकळं मैदान. आई इथून एकटी जायची, तेव्हा मध्ये बसायला एक दगडसुद्धा नव्हता, हे मला चालताना कळलं.  कॉलेजला सुट्टी लागली होती. मी रोज जात होते. तळ्याच्या थांब्यावर पोचलो की आजारी माणसं केंद्रात जात, आणि आम्ही बाकीचे तापलेल्या कठड्यापाशी उभे राहून पाण्याकडे बघत असू. पाणी खाली गेलेलं, कडेला भेगा पडलेली माती. फिरायला आलेलं दुसरं कुणीही नसे. मग गिरणीपर्यंत परत चालत.

मे उजाडता उजाडता सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मजकूर एकच होता: 'आपण सकाळी फिरायला जाता. संध्याकाळी गेल्यास प्रवास मोफत. तळ्यावर गारवाही अधिक. बदल करावा का?' खाली होय आणि नाही. शुक्रवारपर्यंत मुदत.

मी फिरोजला फोन केला.

"ते तुमचा भाव काढतंय," तो म्हणाला. "हौस असेल तर माणूस फुकटाला भुलतो. तिघांतल्या एकानं जरी होय दाबलं, तर ही हौसच होती असं धरून ते सकाळचा विषय मिटवेल. नंतर वर्षभर विचारणार नाही." मग म्हणाला, "तुमचा ठिपका त्याला कळतच नाहीये, मॅडम. घरात कुणी गेलं की माणसं किती दिवस कमी बाहेर पडतात, त्याचं कोष्टक आहे त्याच्याकडे. त्याप्रमाणे तुम्ही आता सावरून नेहमीच्या रस्त्याला लागायला हवं होतं."

"त्याला म्हणावं, कोष्टक दुरुस्त कर."

संध्याकाळी नीलाक्काच्या ओट्यावर माणसं जमली. भीती मला राजश्रीची होती. ती त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, गमतीनं आमच्यात सामील झालेली, आणि तिच्यामागे तिच्या वयाच्या दहाबारा जणी.

"काकू, फुकट आहे की," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी खरंच छान असतं तिथं. आम्ही जोडीनं जायचो."

"जात जा की. पुढच्या वर्षी जा," नीलाक्का म्हणाली.

"पण मला एक समजंना. यंत्राला एवढं फसवायचं, त्यापेक्षा सगळ्यांनी दवाखाना दाबून मोकळं व्हायचं. आम्ही तरुण आहोत, आम्ही दाबतो. आम्हाला काय होतंय?"

 तिचं म्हणणं बिनतोड होतं. मीच मनात ते कितीदा म्हटलं होतं. नीलाक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"दाब," ती म्हणाली. "आत्ता दाब. सासऱ्याच्या समोर, नवऱ्याचं नाव घेऊन, 'त्यांच्यासाठी दवाखान्यात निघाले' म्हण मोठ्यानं. आम्ही ऐकतो."

राजश्री फोन हातात धरून उभी राहिली. तिचा नवरा ओट्याच्या टोकाला उभा होता, त्याच्याकडे तिनं एकदा पाहिलं. मग पदर सारखा करून ती खाली बसली.

"नाही म्हणू का मग?"

"आणि फुकट आहे म्हणून विरघळू नको. आपण उन्हात जातोय ते काय फुकटचं आहे व्हय?"

राजश्रीनं 'नाही' दाबलं. तिच्या मागच्या मुलींनी दाबलं. मग ओट्यावर 'टक टक' असा आवाज पसरत गेला, कुणीतरी पाय आपटल्यासारखा. मी शेवटी दाबलं. आम्ही यंत्राला फसवत होतो असं मला तेव्हाही वाटलं नाही. सकाळची बस आम्हाला हवी होती, आणि कुठल्याही किमतीला ती सोडायची आमची तयारी नव्हती. ते अगदी खरं होतं, आणि त्याला तेवढंच माहीत असायला हवं होतं.

*

सोमवारी सकाळी बस आमच्या कोपऱ्यावर आली. चालक नवा होता. दारात उभ्या असलेल्या गर्दीकडे आणि दोघींच्या आधारानं चढणाऱ्या नीलाक्काकडे तो बघतच राहिला.

"आजी, एवढ्या उन्हाचं सगळे तळ्यावर? काय आहे तिथं?"

"तू गाडी सोड बाबा."

त्या दिवशी ती वेळेवर पोचली आणि पूर्ण चार तास मशीनवर राहिली. उतरली तेव्हा तिच्या तोंडाला चव आली होती. येताना तिनं बसमध्ये सगळ्यांना सिस्टरच्या बदलीपासून नव्या पोरीच्या सासूपर्यंत सगळं सांगितलं. तिची खुर्ची जूनपासून दुसऱ्याला द्यायचा कागद सिस्टरनं फाडून टाकला होता.

पण बस टिकवायची तर माणसं जात राहिली पाहिजेत. आम्ही पाळ्या लावल्या. सोमवार आणि गुरुवार मी मागून घेतले.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी प्राचार्यांच्या घरी गेले. शेवटच्या वर्षाचे माझे सकाळचे तास मला दुपारी हवे होते. ते भले गृहस्थ आहेत. आईच्या वेळीही येऊन गेले होते.

"बदलून देतो की. पण दुसऱ्या कुणाला तरी उठवावं लागेल, तेव्हा कारण लागेल. सकाळी कुठे जायचं असतं तुम्हाला?"

खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी लगेच सही केली असती. माझा त्या रीतीवर विश्वास नाही, आजही नाही. पण 'कुठे' विचारून झालं होतं, दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि नीलाक्काला निघायचं होतं.

"कारण सांगता येणार नाही, सर."

"मग शेवटचं वर्ष तुमच्याकडे राहणार नाही, शिवलीला मॅडम. दुपारी फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग आहेत. इतकी वर्षं उभा केलेला विषय तुम्ही..."

"पहिलं वर्ष चालेल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्यांच्या पत्नीनं दिलेला चहा संपवला आणि उठले.

सकाळी कोपऱ्यावर त्या दिवसाच्या पाळीचे आम्ही पाच जण होतो. बस आली, दार उघडलं. मी नीलाक्काचा उजवा हात धरला आणि तिला आधी चढवलं.